टॅग हलवला, तरी मडगावच्या मशीनवर जुनाच कोड! तातडीने मदत हवी

मांडवीकाठ: सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या बिलाच्या सॉफ्टवेअरला २.४ चा टॅग लावला, म्हणजे कोडच्या त्या आवृत्तीवर नावाची खूण केली, मग दिसलं की बिलाच्या प्रिंटमध्ये एकूण रकमेचे पैसे खालच्या ओळीत उतरतात. दुरुस्त केलं, टॅग नव्या कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) हलवला, फोर्स पुश करून सर्व्हरवरचाही जबरदस्तीने बदलला. माझ्याकडे ठीक. मडगावचा सहकारी पुल करून, म्हणजे सर्व्हरवरचं नवं उतरवून, टॅगवर जातो, आणि पैसे परत खालीच. उद्यापासून चवथीची सुट्टी. लवकर सांगा.

बेतीची_फेरी: गिट का? एरर काय येते?

मांडवीकाठ: गिटच हो, कोडच्या आवृत्त्या सांभाळायला आणखी काय असणार! एरर नाही, 'ऑलरेडी अप टू डेट' म्हणतं.

जुना_एसव्हीएनवाला: त्याच कामाच्या आमच्या सबव्हर्जनमध्ये (एसव्हीएन) ही कटकट नव्हती. टॅग म्हणजे साधा फोल्डर. त्यात कमिट केलं की अपडेट मारणाऱ्या सगळ्यांना मिळतं.

काणकोणचा_नारळ: काका, तीच तर खोड. आत कमिट करता येतं तर तो टॅग कसला? मर्क्युरियल बघा, तेही त्याच कामाचं. टॅग .एचजीटॅग्ज फाइलीत, आणि ती फाइलही कमिट होते. कोणी, कधी हलवला, सगळं लिहिलेलं.

जुना_एसव्हीएनवाला: आणि ज्या कमिटला टॅग लावला, त्याच्या फाइलीत त्या टॅगचा पत्ताच नाही. वा!

बेतीची_फेरी: भांडा नंतर. साधा पुल नवे टॅग आणतो, आधीच असलेल्याला हात लावत नाही. सहकाऱ्याला 'गिट फेच --टॅग्ज --फोर्स' चालवायला सांगा. गिट २.२० च्या आधी नुसत्या --टॅग्जनेही गुपचूप बदलायचा, आता नाकारतो.

डिचोलीचा_पाऊस: टॅग अ‍ॅनोटेटेड (लावणाऱ्याचं नाव, तारीख, संदेश असलेला) आहे ना? लाइटवेटला, म्हणजे नुसत्या नावाच्या टॅगला, गिट डिस्क्राइब (जवळच्या टॅगवरून आवृत्ती सांगणारी कमांड) एरवी धरतच नाही. मी तर प्रत्येक टॅगवर डिजिटल सही करतो.

मांडवीकाठ: ते कोणी विचारलं? असो, फेरीबाब, पैसे वर आले! देव बरें करूं. फक्त एक, म्हापशाच्या एका दुकानदाराला काल रात्रीच २.४ बसवून दिलंय.

काणकोणचा_नारळ: हे आत्ता सांगताय? म्हणजे २.४ दोन झाले. उद्या त्याचा फोन आला तर कुठलं २.४ समजायचं? गिट टॅगच्या मॅन्युअलमध्येच री-टॅगिंगवर वेगळा भाग आहे: चूक कबूल करा, दुसरं नाव द्या. २.४ जुन्या कमिटवर परत ठेवा, दुरुस्तीला २.४.१.

मांडवीकाठ: जुना कमिट कुठला ते आता कुठे बघू?

बेतीची_फेरी: फोर्स पुशच्या वेळी टर्मिनलवर जुना-नवा हॅश (ओळख-क्रमांक) छापला असेल.

मांडवीकाठ: टर्मिनल बंद केला. सहकाऱ्याकडचा जुना टॅगही तुमच्या फोर्सने गेला.

बेतीची_फेरी: माझ्या फोर्सने! अहो, तो त्या टॅगवर उभा होता ना? त्याच्याच मशीनवर 'गिट रिफ्लॉग' बघा, तो कुठल्या कुठल्या कमिटवर होता त्याची नोंद असते, हॅश मिळेल.

जुना_एसव्हीएनवाला: सबव्हर्जनमध्ये लॉग सर्व्हरवर असतो. तेवढंच म्हणतो.

मांडवीकाठ: तो गणपतीवरची माटोळी बांधायला गावी निघाला. लॅपटॉप ऑफिसात आहे, पासवर्ड विचारायला फोन लावतोय. उचलत नाही.