स्वतःच्याच नागरिकाला देशात यायला बंदी? (ऑस्ट्रेलिया, मे २०२१)

कोथरूडकर:
मंडळी, परवा मेलबर्नच्या मावसभावाशी फोनवर वाद झाला. २०२१ ला ३ मे ते १५ मे ऑस्ट्रेलियाने इंडियातून येणाऱ्यांना बंदी घातली होती ते आठवतंय ना, आयपीएल बंद पडून त्यांचे प्लेयर मालदीवला जाऊन बसले होते तेव्हा. मागच्या १४ दिवसांत भारतात असाल तर यायचंच नाही, आलात तर ५ वर्षांपर्यंत जेल किंवा ६६ हजार डॉलरच्या वर दंड, आणि हे त्यांच्या स्वतःच्या सिटिझन्सना पण! भाऊ म्हणतो कोविडची साथ होती, बरोबर केलं. मी म्हणतो परक्यांना अडवा हो, घरच्या माणसाला कसं अडवणार? आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का हे? व्हॉट्सॅपवरचं ज्ञान नको प्लीज.

वकीलबाई_ठाणे:
नागरी आणि राजकीय हक्कांचा १९६६ चा करार आहे, ऑस्ट्रेलियाने १९८० ला मान्य केलेला. त्याचं कलम १२(४) म्हणतं की कुणालाही स्वतःच्या देशात येण्याच्या हक्कापासून मनमानीपणे वंचित करता येणार नाही. आता सगळा खेळ त्या 'मनमानीपणे' वर. पण हा करार पाळला जातो का ते बघणाऱ्या यूएनच्या मानवाधिकार समितीने १९९९ लाच सांगून ठेवलंय की हा हक्क नाकारणं वाजवी ठरेल अशी परिस्थिती असलीच तर फारच क्वचित. आणीबाणीत काही हक्क तात्पुरते बाजूला ठेवता येतात, त्याच कराराचं कलम ४, पण तसं यूएनला रीतसर कळवावं लागतं. लाटव्हिया, एस्टोनिया, पेरू वगैरेंनी कोविडमध्ये कळवलं, ऑस्ट्रेलियाने नाही.
त्यामुळे माझं मत विचाराल तर नाही बसत. क्वारंटाइन करा, टेस्ट करा, पण दार बंद नाही. ब्रिटनने तेव्हाच भारताला रेड लिस्टमध्ये (म्हणजे प्रवासावर सगळ्यात कडक निर्बंध असलेल्या देशांत) टाकलं तरी आपल्या नागरिकांना १० दिवस हॉटेलात ठेवून घेतलंच की.

डॉ_सांगली:
वकीलबाई, कागदावर सगळं बरोबर. पण तेव्हा तिथे क्वारंटाइनच्या जागा मोजक्या, डार्विनजवळचं हॉवर्ड स्प्रिंग्ज क्वारंटाइन केंद्र भरत आलेलं आणि कोविडचा डेल्टा प्रकार पसरत होता. बंदी संपल्यावर १५ मे ला भारतातून पहिलं विमान आलं त्यात १५० जण यायचे होते, निघायच्या आधी ४० च्या वर पॉझिटिव्ह निघाले, ते आणि त्यांच्या संपर्कातले मागेच राहिले, आले साधारण ८०. मग सरकार आधी घाबरलं होतं यात नवल काय? जेलची धमकी मात्र अतीच होती, त्याचं समर्थन मी पण करणार नाही. शिवाय वर्षभर मिळूनही क्वारंटाइनच्या जागा का वाढवल्या नाहीत हा प्रश्न उरतोच.

कोथरूडकर:
मग कुणी कोर्टात गेलं नाही का?

वकीलबाई_ठाणे:
गेले ना. बेंगळुरूत अडकलेले एक ७३ वर्षांचे गृहस्थ ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात गेले, १० मे ला हरले. कोर्ट म्हणालं २०१५ चा बायोसिक्युरिटी कायदा आरोग्यमंत्र्याला हा अधिकार स्पष्ट शब्दांत देतो. तिथे देशपातळीवर मूलभूत हक्कांची सनद नाहीये, म्हणजे आपल्या राज्यघटनेच्या भाग तीनसारखं काहीच नाही, आणि करार देशाच्या कायद्यात उतरवलेला नसेल तर त्यावर कोर्टात केस उभी राहत नाही. आधी एप्रिलमध्ये अमेरिकेत अडकलेल्या काही ऑस्ट्रेलियनांनी यूएनच्या त्याच समितीकडे तक्रार केली होती (ती भारतबंदीची नव्हे, ऑस्ट्रेलियात येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा होती त्याची), समितीने सांगितलं यांना लवकर परत येऊ द्या. पण समितीकडे पोलीस नसतात.

दुबईचा_बंड्या:
अहो ऑस्ट्रेलियाला नावं ठेवताय, मार्च २०२० ला आपण काय केलं? २२ मार्चपासून बाहेरून येणारी सगळी प्रवासी विमानं बंद, आमच्यासारखे भारतीय पासपोर्टवाले इथेच, अडकलेल्यांना परत आणणारं वंदे भारत मिशन सुरू झालं ७ मे ला. सुप्रीम कोर्टानेही एप्रिलमध्ये सांगितलं आहात तिथेच थांबा.

कोथरूडकर:
बंड्या पॉइंट आहे 😅 मग आपण भारतीय जाऊ शकतो का त्या समितीकडे?

वकीलबाई_ठाणे:
नाही. व्यक्तीने तक्रार करायची तर देशाने त्या कराराचा ऑप्शनल प्रोटोकॉल, म्हणजे ऐच्छिक जोडकरार, मान्य केलेला लागतो. ऑस्ट्रेलियाने १९९१ ला केला, भारताने मूळ करार १९७९ ला घेतला पण प्रोटोकॉल अजून नाही. आपल्याला हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात रिट याचिका, तेवढंच. आणि कोथरूडकर, तुमचा भाऊ नुसता पीआर (नागरिक नसलेला कायम रहिवासी) असेल तरी बंदी त्यालाही लागू होती बरं का, आणि हक्कपण लागू होऊ शकतो. 'स्वतःचा देश' म्हणजे फक्त पासपोर्टचा देश नाही असं समितीचं म्हणणं आहे. २०११ ला एका स्वीडिश पासपोर्टवाल्याच्या केसमध्ये, जो तान्हा असल्यापासून ऑस्ट्रेलियात वाढला होता, समितीने ऑस्ट्रेलिया हाच त्याचा देश धरला. पाचसहा वर्षं राहिलेला पीआर त्यात बसेलच असं नाही पण.

कोथरूडकर:
पीआरच आहे तो. लिंक पाठवतो त्याला, बघू आता काय म्हणतो.