खुब्याचा सांधा बदलल्यावर: जुनं घर, उंबरे, पावसाळा आणि घरचा व्यायाम

पडवीतून
आई, वय ६८, उंची पाच फूट. उजव्या खुब्याचा पूर्ण सांधा कोल्हापूरला बदलला, आज दहावा दिवस. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: मागच्या बाजूने चीर, सिमेंट न वापरता बसवलेला सांधा, वॉकर घेऊन सोसेल तितकं वजन. टाके चौदाव्या दिवशी निघणार. गाव देवगड तालुक्यात आतल्या बाजूला, त्यामुळे फिजिओ आठवड्यातून एकदाच येतात. बाकीचे दिवस आम्हीच.

घर चिऱ्याचं, जुनं. खळ्यातून पडवीत यायला चार पायऱ्या, दोन खोल्यांना उंबरे. संडास मागीलदारी, बसायचा. पाऊस धो-धो.

विचारायचंय ते असं: कुठले व्यायाम, किती वेळा? संडासाचं काय करायचं? वॉकर कधी सोडायचा? आणि आई आत्तापासूनच म्हणतेय की चतुर्थीला पाटावर बसून मोदक वळणार. तोवर साधारण आठ आठवडे होतील. चालेल का?

घोटा_ते_खुबा
आधी कार्डावरचा 'मागच्या बाजूने चीर' हा शब्द नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर ठरतं. या पद्धतीत सांध्यामागचे छोटे स्नायू आणि सांध्याचं आवरण उघडून परत शिवतात. ती शिवण धरायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर तीन हालचाली वर्ज्य: खुबा काटकोनापलीकडे वाकवणं, उजवा पाय डाव्यावर टाकणं, आणि उजवी मांडी आतल्या बाजूला वळवणं. तिन्ही एकदम झाल्या की सांधा मागे निखळतो. आणि हे तोल जाऊन पडल्यावरच होतं असं नाही. खाली पडलेला चमचा खुर्चीत बसल्या-बसल्या उचलताना होतं.

तिसऱ्या हालचालीत घरचे हमखास फसतात. पाऊल जमिनीवर रोवलेलं असताना अंग उजवीकडे वळवलं, तर पाय न हलताही मांडी आत वळलेलीच असते. म्हणून पाणी, औषधं, मोबाइल, टॉर्च सगळं आईंच्या डाव्या बाजूला ठेवा. वॉकर घेऊन वळताना छोटी-छोटी पावलं टाकत वळायचं, टाचेवर गिरकी घ्यायची नाही.

आता व्यायाम. पहिले दोन आठवडे पलंगावर:

घोटे वर-खाली, जागेपणी दर तासाला २० वेळा. हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात आधी बंद पडणारा व्यायाम. पोटरीतलं रक्त हलतं ठेवायला तोच लागतो.

मांडी आवळणं: गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. तसंच नितंब आवळणं. दोन्ही १०-१० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही. मोठ्याने आकडे मोजायला लावा, म्हणजे आपोआप सुटतो.

टाच सरकवणं: उताणं झोपून टाच गादीवरून नितंबाकडे आणायची, गुडघा छताकडे. गुडघा आत पडू लागला तर तिथेच थांबायचं. चादरीवर टाच अडकते आणि मग बाई अख्खा पाय उचलायला बघतात. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा, सरकन जाते. १० वेळा, तीनदा.

पाय बाजूला सरकवणं: बोटं छताकडे, पाय सरळ, सहा-आठ इंच बाहेर आणि परत मध्यापर्यंत. मध्याच्या पलीकडे नाही. १० वेळा, तीनदा. (हे वाचणाऱ्या इतरांसाठी: चीर बाजूने घेतली असेल तर बाजूचा स्नायूच शिवलेला असतो, मग हा व्यायाम सर्जनने सांगेपर्यंत करू नये.)

सरळ पाय हवेत उचलणं आत्ता नको. सोपं दिसतं, पण त्यात नव्या सांध्यावर बराच दाब येतो आणि जांघेत दुखणं सुरू होतं. मग पेशंट सगळेच व्यायाम सोडतो.

तिसऱ्या आठवड्यापासून, फिजिओंनी बघितल्यावर, स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभ्याने: उजवा पाय बाजूला, मग मागे, मग गुडघा पुढे उचलणं, पण खुब्याच्या खालीच. प्रत्येकी १०. पाय किती वर जातो हे बघू नका, खांदे बघा. धड डावीकडे कललं तर पाय उंच गेल्यासारखा वाटतो आणि स्नायूला काहीच काम पडत नाही.

चालणं: पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा घरातच, दर एक-दोन दिवसांनी एक मिनिट वाढवा. मोजपट्टी एकच. व्यायामानंतरचं जास्तीचं दुखणं तासा-दोन तासांत बसलं तर ठीक. दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं किंवा पाय सुजला तर व्यायामाची मात्रा निम्मी. बंद नाही, निम्मी.

एक सवय मोडा. गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसभर पडून राहायचं नाही. आराम वाटतो, पण खुबा किंचित वाकलेलाच आखडतो आणि महिन्याभराने बाई पुढे झुकून चालायला लागतात. उशी दोन पायांच्या मध्ये, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत.

चिरेबंदी
घराचं मी सांगतो. टेप घ्या आणि उंच्या मोजा, अंदाजाने काही करू नका.

उभ्या असताना जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजा. पाच फुटी बाईंचं ते १५-१६ इंच भरतं. बसायची प्रत्येक जागा, म्हणजे खुर्ची, पलंग, संडास, त्याहून दोन-तीन इंच उंच हवी. म्हणजे १८ इंचांच्या आसपास. त्याहून फार उंच केलं तर पाय लोंबतात, तेही नको. पलंगाची उंची गादी दबल्यावर मोजायची. प्लास्टिकची खुर्ची बुटकी असते आणि मागे उतरती. एकात एक दोन घातल्या की उंची वाढते आणि मजबूतही होते. हात असलेल्याच घ्या, भिंतीला टेकवून ठेवा. पलंग उचलायला चिऱ्याचे तुकडे खाली देऊ नका, कड फुटते आणि पलंग तिरका होतो. सुताराकडून मधे खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्या.

संडास: बसायच्या भांड्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली स्टीलची कमोड-खुर्ची मिळते. पायांची उंची कमी-जास्त करता येते ती घ्या, पायांना रबरी बूट आहेत ना बघा. भांडं चौथऱ्यावर असेल तर खुर्चीचे चारही पाय त्याच पातळीवर हवेत. दोन वर, दोन खाली म्हणजे अपघात ठरलेला. बादली आणि तांब्या जमिनीवर नाही, डाव्या हाताला स्टुलावर. नळाला फवारा लावता आला तर सगळ्यात बरं, कारण तांब्याने धुताना कंबर वळते. हाताने धरायला भिंतीत पाइप पक्का करून घ्या. टॉवेलचा दांडा हा आधार नव्हे.

पण या पावसात पहिले चार आठवडे मागीलदारी न्यायचंच कशाला? खाली भांडं असलेली कमोड-खुर्ची खोलीत ठेवा. रात्री लाइट जाणारच, त्यात ओली पायवाट.

उंबरा: अगदी जवळ जायचं, वॉकरचे चारही पाय पलीकडे, मग उजवा पाय, मग डावा. उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. उतार म्हणून सुटी फळी टाकाल तर ती हलते. ठोकून बसवा, नाहीतर टाकूच नका.

पायऱ्यांवर शेवाळ धरलं असणार. ब्लीचिंग पावडर पसरून थोडा वेळ ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, धुवा. आठवड्याने परत. पाय पुसायला दारात टाकलेलं गोणपाट आधी उचला, वॉकरचा पाय त्यातच अडकतो. वॉकरची रबरं उलटून बघा. एका बाजूने झिजली असली तर बदला, फार पैसे पडत नाहीत.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. वॉकर पायऱ्यांवर वापरायचा नाही: एक हात कठड्याला, एकात काठी, आणि मदतीचं माणूस नेहमी खालच्या बाजूला. कठडा नसेल तर पहिले काही आठवडे चढ-उतार फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरती.

वायच_थांबा
ह्या गावाकडे सांगूचाच लागता: मालिशवाल्याक घरात घेऊ नकात. ऑपरेशन झाला म्हटल्यावर कोण ना कोण तेल घेऊन येताच. पोटरीत गाठ धरलेली आसली तर चोळल्यान ती सुटान फुप्फुसात जाता. जखमेर खोबरेल, हळद, कसलो पालो, काय लावचा नाय. टाके निघाल्यार पण जखम पुरी सुकल्याशिवाय तेल नाय.

बर्फ मात्र चांगलो. बंदरावरचो फोडलेलो बर्फ चालता, पण पिशवीत बांधून, वर टॉवेल गुंडाळून. १५ मिनिटा, दिवसातून तीन-चार वेळा, व्यायाम झाल्यार. थेट कातडीर ठेवल्यास तर कातडी जळता. आणि पट्टी भिजता नये.

पडवीतून
सगळ्यांचे आभार. गोणपाट उचललं, खुर्च्या मोजल्या: एक १५ इंच निघाली, ती बाद.

अजून दोन गोष्टी. आई म्हणते उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. शेजारचे म्हणतात डाव्या चपलेला जाड सोल लावा. आणि दुखणं कमी आहे म्हणून तिला वॉकर आत्ताच टाकायचाय.

घोटा_ते_खुबा
सोल लावू नका. कित्येक वर्षं दुखऱ्या खुब्यामुळे कंबर एका बाजूला कललेली असते, स्नायू आखडलेले असतात. सांधा जागेवर आला की पाय लांब 'वाटतो'. बहुतेकांचं हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्नायू सैलावले की जातं. आत्ता सोल लावलात तर कंबर कललेलीच पक्की होईल. तीन महिन्यांनीही वाटलं तर सर्जन मोजतील आणि ठरवतील.

यावर एक उपयोगी व्यायाम: उताणं झोपून डावा गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्यायचा आणि त्याच वेळी उजव्या पायाची मांडी गादीत दाबून सरळ ठेवायची. १५-२० सेकंद, चार-पाच वेळा. कुठला गुडघा छातीकडे घ्यायचा यात गल्लत होऊ नये, म्हणून उजव्या पायाला रंगीत दोरा बांधला तरी चालेल. करताना पहिल्यांदा फिजिओ समोर असू देत.

वॉकरचं: दुखणं थांबणं आणि स्नायू तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुब्याच्या बाजूचा स्नायू एका पायावर उभं असताना कंबर सावरतो. तो कच्चा असला की उजव्यावर वजन येताच कंबर डावीकडे खचते आणि माणूस झोकांडत चालतो. तशा चालीची सवय लागली की मोडायला महिने जातात. शिवाय सिमेंट नसलेल्या सांध्यात हाड धातूला धरायला वेळ लागतो, त्यात एखादं पडणं परवडत नाही.

वॉकरवरून काठीवर साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान, तेही फिजिओंनी चाल बघून. काठी डाव्या हातात. लोक दुखऱ्या बाजूला धरतात, ते उलट आहे. डाव्या हाताने दाबलं की उजव्या खुब्याच्या स्नायूवरचा भार हलका होतो. उंची: चप्पल घालून ताठ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी, वॉकरचीही तशीच. काठी कधी सोडायची याची घरची परीक्षा: तुमच्याकडे पाठ करून दहा पावलं पुढे चालायला सांगा आणि मागून कमरेवर नजर ठेवा. साडीची किनार डावीकडे झुकली तर अजून काठी हवी.

चिरेबंदी
चपलेवरून आठवलं: रबरी स्लिपर बंद. मागे पट्टा असलेली, खडबडीत तळाची सँडल. घालून दुसऱ्याने द्यायची. साडीपेक्षा गाऊन, घोट्याच्या वर.

सामंजस
चतुर्थीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. आठ आठवड्यांत बरेच जण मांडी घालतात, इतकं घाबरवायला नको.

घोटा_ते_खुबा
बरेच जण घालतात, त्यातल्या काहींचा सांधा निखळतो, आणि एकदा निखळला की परत निखळायची शक्यता वाढते. पाटावर बसताना नुसती मांडी घालणं हा प्रश्न नाही. बसताना आणि उठताना खुबा काटकोनापार जातो आणि तोल सावरायला गुडघा आत येतो, तिथे धोका. आठव्या आठवड्यात पाट नको, खोबरं खवायला विळीवर बसणं नको, मूर्तीपुढे वाकून नमस्कार नको. मोदक टेबलाशी उंच खुर्चीत बसून वळता येतील, सारणाची परात टेबलावर. सलग बसणं अर्धा-पाऊण तासच, मग उठून घरात एक फेरी. आरतीला ओट्याला धरून उभं राहिलं तर उलट व्यायामच. जमिनीवर बसायचं की नाही हे तीन महिन्यांच्या तपासणीत एक्स-रे बघून सर्जनला विचारा. काही कायमचं नाही म्हणतात, काही सूट देतात. ते सांध्याच्या आकारावर आणि बसवण्यावर असतं.

माडाखाली
तपासणीला कोल्हापूरला जाल तेव्हा: गाडीत पुढची सीट, पूर्ण मागे सरकवून, पाठ थोडी रेललेली, बुडाखाली कडक उशी. त्यावर प्लास्टिकची पिशवी पसरा. आधी पाठ गाडीकडे करून बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र ठेवून अख्खं अंग आत फिरवायचं. गाडी सुटण्याआधी पिशवी काढा, नाहीतर घाटात बाई पुढे घसरतील. दर तासाला थांबून पाच मिनिटं चालणं. रिक्षा टाळा: सीट अरुंद, वर खड्डे. दुचाकीवर मागे बसणं तर नाहीच, एका बाजूला पाय सोडूनही नाही.

रक्त पातळ ठेवायची गोळी कार्डावर जितके दिवस लिहिलीय तितके दिवस, बहुधा चार-पाच आठवडे. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका, आणि त्यावर दुकानातून आणलेली दुसरी दुखण्याची गोळी नको, रक्तस्राव होऊ शकतो. दुखण्याच्या काही गोळ्यांनी शौचाला कडक होते. पाणी, ताक, पपई, आणि नाही जमलं तर डॉक्टरांना विचारून औषध. कुंथणं टाळायचंय.

फोन कधी करायचा: एकाच पोटरीत नवी सूज, दुखणं, गरमपणा, जखमेतून पाणी किंवा पू, भोवती वाढती लाली, ताप. अशा वेळी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका, त्याने जंतुसंसर्ग झाकला जातो आणि सर्जनला खरं काय ते कळत नाही. एकदम दम लागला, छातीत दुखलं तर थेट १०८. 'कट्' आवाज होऊन जोराची कळ आली, पाय आखूड आणि आत वळलेला दिसला, वजन टाकवेना, तरी १०८. पाय ओढून बसवायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, कारण भूल देऊनच सांधा बसवावा लागतो.

पडवीतून
लिहून भिंतीला लावलं. कुशीवर झोपलं तर चालेल का, एवढंच राहिलं.

घोटा_ते_खुबा
सहा आठवडे उताणंच उत्तम. अगदीच झोप लागत नसेल तर डाव्या कुशीवर, म्हणजे उजवा पाय वर, पायांमध्ये दोन जाड उशा, गुडघ्यापासून पावलापर्यंत. उशी फक्त गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली लोंबतं, मांडी वळते आणि उशीचा उपयोग शून्य. रात्री उशी निसटते, म्हणून ओढणीने सैल बांधा. कूस बदलताना उशी मध्ये धरून अख्खं अंग एकदम, आणि पहिले काही दिवस कोणीतरी पाय धरायला जवळ हवं.