लग्नाचे फोटो फोनमधून लॅपटॉपवर आणि तिथून छपाईला: दर्जा कसा टिकवायचा?

नौपाडाकर:
अँड्रॉइड फोन १२८ जीबीचा, जागा संपत आली आहे. भावाच्या लग्नाचे फोटो आणि लांबलचक व्हिडिओ त्यातच आहेत. विंडोज लॅपटॉपला केबल लावली की फोन नुसता चार्ज होतो, आतलं काही दिसत नाही. शिवाय गोखले रोडच्या स्टुडिओतून ८ बाय १२ इंचांचे प्रिंट काढायचेत आणि ते म्हणतात, व्हॉट्सॲपवर पाठवा. चालेल का? वाशीच्या काकूंच्या आयफोनमधलेही फोटो घ्यायचे आहेत.

ऐरोलीकर:
फोन अनलॉक करून केबल लावा, वरून नोटिफिकेशनचा पडदा खाली ओढा. यूएसबीने चार्ज होत असल्याची ओळ दिसेल, तिच्यावर टॅप करून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. ती ओळच आली नाही तर केबल बदला. स्टेशनबाहेरच्या स्वस्त केबलींपैकी काहींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच.

कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’मधल्या ‘कॅमेरा’ फोल्डरमध्ये मिळतील. व्हॉट्सॲपवर आलेले तिथे नसतात. ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, आणि त्यात व्हॉट्सॲपचं फोल्डर, असं आत जावं लागतं.

कृपा करून कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. केबल जरा हलली तरी जोडणी तुटते आणि जी फाइल चालू असते ती अर्धवट राहते. मूळ फोनमध्ये असेल तर परत घेता येते. फोन पेन ड्राइव्हसारखा उघडत नाही, एमटीपी पद्धतीने एकेक फाइल देतो; म्हणून हजारो फोटो असले की नुसती यादी यायलाच वेळ लागतो. फोन अडकलाय असं समजून केबल ओढू नका. चारपाचशेच्या गटांनी घ्या आणि दोन्हीकडची संख्या जुळवा. मधूनमधून काही फोटो लॅपटॉपवर उघडूनही बघा, कारण अर्धवट फाइलसुद्धा संख्येत मोजली जाते.

ठाणे पूर्व, छपाई:
व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२ इंचांना ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे निम्मेसुद्धा उरत नाहीत. चेहरे मऊ पडतात, शालूच्या जरीचा तर चिखल होतो. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० असतो, त्यातून हा प्रिंट स्वच्छ निघतो. एचडी निवडलं तरी फोटो दाबला जातोच.

व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर पिनच्या खुणेतून ‘डॉक्युमेंट’ निवडून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ‘डॉक्युमेंट’मधूनही गॅलरीचा पर्याय दिसतो, पण फाइल ब्राउझ करूनच निवडा. फोटो बरेच असतील तर सरळ पेन ड्राइव्ह द्या.

वाशी सेक्टर १७:
आयफोनसाठी: सेटिंग्जमध्ये (नव्या आयओएसवर त्यातल्या ‘ॲप्स’मध्ये) ‘फोटोज’ उघडून अगदी खाली जा. तिथे ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’खाली ‘कीप ओरिजिनल्स’ करा. ‘ऑटोमॅटिक’ असताना फोन प्रत्येक फोटो जाता जाता जेपीजीमध्ये बदलत बसतो आणि विंडोजवर कॉपी कधीकधी मध्येच तुटते. मूळ फाइली एचईआयसी (आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार) असतील. स्टुडिओला त्या उघडतात का ते आधी विचारा. आयक्लाउडवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर मात्र काकूंच्या फोनमध्ये सगळे मूळ फोटो नसतील, ते आधी डाउनलोड करावे लागतील.

नौपाडाकर:
केबल बदलल्यावर फोन दिसला, फोटो आले. पण एक मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नाही. जागा भरपूर असूनही फाइल फार मोठी आहे म्हणतो.

ऐरोलीकर:
पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली साठवायची जुनी पद्धत) असणार, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल मावत नाही. आतलं सगळं लॅपटॉपवर काढून घ्या, ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.

आणि फोन रिकामा करताना: गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल आणि त्या ॲपमधून डिलीट केलं, तर फोटो क्लाउडमधूनही जातात. कचऱ्याच्या डब्यात ६० दिवस राहतात, मग कायमचे जातात. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, तेही लग्नाचे फोटो आणखी एका हार्ड डिस्कवर ठेवल्यावरच.