मदत हवी आहे: अमेरिकेतून सुट्टीला आलेला भाचा परत पाठवत नाहीत

मंडळी, भावाच्या वतीने विचारते आहे. तो न्यू जर्सीत असतो. भावजय सहा वर्षांच्या भाच्याला घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला माहेरी आली, ती परत गेलीच नाही. भाच्याला इथल्या शाळेत घातलंय. तो अमेरिकन नागरिक आहे. त्याला परत आणा असा तिकडच्या कोर्टाचा आदेश आहे, पण इथे तो राबवणार कोण? परदेशात नेलेली मुलं परत पाठवण्याबाबतचा १९८०चा हेग करार भारताने स्वीकारलेलाच नाही.

मुंबई हायकोर्टात हेबिअस कॉर्पस (मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका) लावायची, की पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात ताबा मागायचा? भावाला रजा नाही. कुलमुखत्यारपत्रावर मी अर्ज करू शकते का? त्याचे मित्र तिकडे पोलीस तक्रार कर म्हणतायत, मला ते पटत नाही.

भावजयीची बाजू मला पूर्ण माहीत नाही, तेव्हा तिच्यावर शेरे नकोत.

प्रतिसाद १
ताई, हायकोर्ट. पालकत्वाच्या १८९०च्या कायद्यात मूल एरवी जिथे राहतं तिथल्या कोर्टाला अधिकार, त्यामुळे पुण्यात आधी त्यावरच तारखा पडतील. मात्र न्यू जर्सीचा आदेश म्हणजे हुकमी एक्का नव्हे. नित्या आनंद राघवन निकालात (२०१७) सुप्रीम कोर्टाने मुलाचं हित सर्वात वर ठेवलं. परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, बस्. उशीर करू नका, मूल इथे रुळलं की केस अवघड होते. यशिता साहू (२०२०) जरूर वाचा. त्यात मुलीला अमेरिकेला परत न्यायला सांगितलं, शिवाय ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं असंही म्हटलंय. पहिल्याच तारखेला व्हिडिओ कॉल मागून घ्या, बाकीचं रेंगाळलं तरी तेवढं लवकर मिळू शकतं.

प्रतिसाद २
तक्रारीबाबत तुमचंच बरोबर वाटतं. तिकडे आईवर वॉरंट असेल तर ती मुलासोबत जाणार कशी, हे कोर्ट विचारणारच. त्यापेक्षा भावाने लिहून द्यावं: तिचं तिकीट, वेगळं राहण्याचा खर्च, फौजदारी कारवाई करणार नाही. (मुलाला मारहाण वगैरे प्रकार असतील तर गोष्ट वेगळी, दोन्ही बाजूंनी.) तिकडच्या आदेशाची प्रमाणित प्रत अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) करून मागवा. आणि अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या पासपोर्ट अलर्ट योजनेत भाच्याचं नाव नोंदवायला सांगा. त्याच्या नावाने पासपोर्टचा अर्ज आला की वडिलांना कळवतात.

धागाकर्ती
दोघांचे आभार. व्हिडिओ कॉलचं डोक्यातच आलं नव्हतं, सध्या फोनही उचलत नाहीत. कुलमुखत्यारपत्राचं कोणाला माहीत आहे का?