लेकीसाठी लोणेरे की पुण्यातली प्रायव्हेट युनिव्हर्सिटी?

लेकीला कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) लोणेऱ्याचं बाटू (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ) मिळेल असं वाटतंय पण तिला पुण्यातली प्रायव्हेट युनिव्हर्सिटीच हवीय, तिथं वर्षाला साडेतीन लाख फी, वर होस्टेल-मेस वेगळं. आम्ही ओबीसी, उत्पन्न ८ लाखाच्या आत. काय करू?

कोकणकडा: दादा २०२४-२५ पासून तुमच्यासारख्या घरातल्या मुलींना ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे की, फक्त ॲडमिशन कॅपमधून हवी आणि प्रायव्हेट किंवा अभिमत युनिव्हर्सिटीला ती माफी लागूच नाही, इथंच लोक फसतात.

जुनी_हॉस्टेलाइट: लोणेऱ्याला पुण्याची मजा नाही, पाऊस तर विचारूच नका 😄 पुणंच हवं असेल तर कॅपमधलं खासगी कॉलेज टाका, तिथं माफी चालते. ओबीसीचं नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेट काढलंय ना?

प्रश्नकर्ता: नाही अजून, उद्याच दाखल्यासाठी सेतू केंद्रात जातो.