रहस्यकथा आधी वाचावी की आधी पाहावी?

सांजवाचक (प्रश्न)

गेली काही वर्षे मी जुन्या, अभिजात रहस्यकथा क्रमाने वाचत आहे आणि त्यांच्यावर आधारलेले चित्रपट व मालिकाही जमेल तशा पाहत आहे. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’वरचा १९७४ सालचा चित्रपट मी आधी पाहिला आणि १९३४ सालची मूळ कादंबरी नंतर हाती घेतली. उत्तर ठाऊक असल्यामुळे कथेतील गुप्तहेर पॉयरोसमोर दिलेली प्रत्येक साक्ष मला उलट्या बाजूने वाचता आली, आणि त्यातही एक निराळी गंमत होती. पण कोडे सोडवण्याचा आनंद मात्र त्या पुस्तकापुरता मला कायमचा नाकारला गेला. याउलट जे पुस्तक आधी वाचलेले असते, त्याचे रूपांतर पाहताना मी कथा पाहतच नाही. दिग्दर्शकाने काय गाळले आणि काय घुसवले, याचा हिशेब मांडत बसतो. तेव्हा जाणकारांना विचारावेसे वाटते, की क्रम कोणता ठेवावा? आणि पुस्तकातले रहस्य पडद्यावर त्याच ताकदीने लपवता येते का? प्रतिसाद देताना कोणत्याही कथेतील गुन्हेगार कोण, हे कृपया उघड करू नये.

पानाआड

माझे मत स्पष्ट आहे: आधी पुस्तक. कारण लपवण्याची कला मुळात शब्दांची आहे. लेखक खोलीचे वर्णन करताना सात वस्तूंची नावे एका दमात घेतो आणि महत्त्वाची वस्तू चौथ्या क्रमांकावर ठेवून देतो. आपण ती वाचतो आणि विसरतो. कॅमेरा त्याच वस्तूवर क्षणभर अधिक थांबला, तर प्रेक्षक सावध होतो, आणि मुळीच थांबला नाही, तर शेवटी ‘हे आम्हाला दाखवलेच नव्हते’ अशी तक्रार करायला मोकळा होतो.

शेरलॉक होम्सची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही १८९२ सालची कथा आठवावी. घोडा नाहीसा झाला त्या रात्री न भुंकलेला कुत्रा इतका प्रसिद्ध झाला आहे, की त्याचा उल्लेख रहस्यभेद ठरू नये. तबेल्यात कुत्रा आहे, हे वाचकाला बरेच आधी जाता जाता सांगितलेले असते. माळ्यावर झोपलेल्या दोन पोरांना रात्रभर काही ऐकू आले नाही, हेही सांगितलेले असते. दोन्ही गोष्टी नजरेसमोर असूनही आपण त्या एकमेकींना जोडत नाही: कुत्रा भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस त्याच्या ओळखीचा असावा. आता हे पडद्यावर कसे करणार? गप्प बसलेला कुत्रा दाखवला, तर गुपित तिथेच फुटते; म्हणून दिग्दर्शकालाही अखेर संवादाचाच, म्हणजे पुन्हा शब्दांचाच, आधार घ्यावा लागतो.

दुसरी अडचण नटांची. किरकोळ वाटणाऱ्या भूमिकेत एखादा नामवंत चेहरा दिसला, की कथेआधी आपला संशय धावतो. आपण उल्लेखिलेल्या १९७४च्या चित्रपटात सिडनी ल्युमेट यांनी यावर नामी तोड काढली: इन्ग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, लॉरेन बकॉल असे नामवंतच रेल्वेच्या डब्यात बसवले. सगळेच मोठे असल्यावर संशय घ्यायचा कुणाचा?

धुके

वरील प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत आहे. पुस्तक आधी, हा नियम ख्रिस्तींना लागू पडतो, होम्सला नाही. होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा यांतील फारच थोड्या ठिकाणी वाचकाला स्वतः उत्तर काढता येईल एवढी सामग्री मिळते. अनेकदा होम्स एकटाच बाहेर जातो, काहीतरी पाहून येतो आणि आपल्याला शेवटी सांगतो. तिथे खरे आकर्षण त्या माणसाचे आणि त्याच्या मित्राचे, डॉ. वॉटसनचे, आहे, म्हणून होम्सची भूमिका करणाऱ्या जेरेमी ब्रेट यांची १९८४ ते १९९४ या काळातील मालिका आधी पाहिली तरी कथांचे काही बिघडत नाही. मी स्वतः तसेच केले आणि आता वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू येतो.

मात्र होम्स साकारणाऱ्या बॅसिल रॅथबोन यांच्या चौदा चित्रपटांपासून सुरुवात करू नये, असे सुचवेन. रॅथबोन उत्तम आहेत; पण नायजेल ब्रूस यांचा वॉटसन इतका गोंधळी आहे, की होम्स त्याला बरोबर का नेतो, हेच कोडे पडते. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम सांगितले. त्यांतल्या एका नियमानुसार वॉटसनसारख्या मित्राची बुद्धी सामान्य वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचितच, कमी असावी. त्या ‘किंचित’मध्ये सगळे आले.

आणि लपवता येत नसेल, तर लपवूच नये, हाही एक मार्ग आहे. गुन्हेगार आधीच दाखवून ‘तो सापडणार कसा’ एवढाच प्रश्न ठेवण्याची रीत ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ सालच्या कथासंग्रहात वापरली होती. पीटर फॉक यांच्या ‘कोलंबो’ मालिकेने पुढे तीच घडी पडद्यावर बसवली. सत्यजित राय यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ‘सोनार केल्ला’ या रहस्यकथेचे लेखकही तेच आणि तिच्यावरील १९७४च्या चित्रपटाचे दिग्दर्शकही तेच, तरीही पुस्तकात उशिरापर्यंत झाकून ठेवलेले खलनायक त्यांनी चित्रपटात लवकरच उघडे केले. स्वतःच्याच कथेबाबत लेखकाने असा निर्णय घ्यावा, यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी आहे.

पानाआड

राय यांचा मुद्दा मान्य. एक भर घालतो: ख्रिस्तींच्याही बाबतीत एक अपवाद करता येईल. ‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९च्या कादंबरीचे नाटक करताना त्यांनी स्वतःच शेवट बदलला आणि रेने क्लेअर यांच्या १९४५च्या चित्रपटाने नाटकाचाच शेवट घेतला. त्यामुळे तो चित्रपट निर्धास्तपणे आधी पाहावा.

तळटीप

निर्धास्तपणे पाहू नये! शेवट बदलला आहे तो कोण जिवंत राहते आणि कोण राहत नाही, एवढ्यापुरता. कृत्य करणारी व्यक्ती तीच आहे. चित्रपट आधी पाहिला, तर कादंबरीतला काळोख नवा वाटेल खरा, पण कोडे गेलेले असेल. मूळचा निष्ठुर शेवट पडद्यावर पाहायचा असेल, तर कादंबरी वाचून झाल्यावर बीबीसीची २०१५ची मालिका पाहावी.

पानाआड

चूक दाखवून दिल्याबद्दल आभार. ‘निर्धास्तपणे’ हा शब्द मागे घेतो.

सांजवाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘अँड देन देअर वेअर नन’ मी अद्याप वाचलेली नाही आणि वरील वाद होण्याआधी १९४५चा चित्रपटच पाहणार होतो, तेव्हा हा प्रश्न अगदी वेळेवर विचारला गेला म्हणायचे. आधी कादंबरी वाचेन. ब्रेट यांची मालिका मात्र आज रात्रीपासूनच सुरू करत आहे.