सी भाषेतली फाइल कॉपी टेक्स्ट फाइलवर तपासू नका, फोटोवर तपासा

मुलुंडकर:
मुंबईतल्या कॉलेजांत हे प्रॅक्टिकल ठरलेलं. आर्गव्ही[१]मधली (प्रोग्राम चालवताना दिलेल्या आर्ग्युमेंट्सच्या यादीतली पहिली) फाइल उघडा, एफगेटसी या फंक्शनने एकेक बाइट वाचून आर्गव्ही[२]मध्ये लिहा. तपासायला मात्र दोन ओळींची टेक्स्ट फाइल. ती कॉपी झाली की जर्नलवर सही! माझं म्हणणं, आधी जेपेग फोटो कॉपी करून दाखवा. एफगेटसीने दिलेलं इंटऐवजी कॅरमध्ये (मोठ्या पूर्णांकाऐवजी एका बाइटच्या चलात) घेणारी मुलं दरवर्षी असतात. जेपेगचा पहिलाच बाइट २५५. साइन्ड (ऋण आकडेही धरणाऱ्या) कॅरमध्ये त्याचा उणे १ होतो, फाइल संपल्याची खूणही तीच, म्हणून प्रोग्रामला वाटतं फाइल संपली, आणि कॉपी निघते शून्य बाइटची. टेक्स्टवर ही चूक पकडलीच जात नाही. मराठी मजकूर दिलात तरी नाही, अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत २५५ येतच नाही.

लॅबवाली, ठाणे:
बाहेरून बोलायला काय जातंय? मुलं आयडीईतलं (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधलं) रन बटण दाबतात, आर्गसी (आर्ग्युमेंट्सची संख्या) १ येतो, आणि 'मॅम, चालत नाहीये'. आर्गव्ही[०] म्हणजे प्रोग्रामचं नाव, म्हणून दोन फाइलींना आर्गसी ३ हवा, हे डोक्यात शिरायलाच तास जातो. विषय आर्ग्युमेंट्सचा आहे, बाइटचा नाही.

मुलुंडकर:
मग आर्ग्युमेंट्स तरी पुरते शिकवा. दोन्हीकडे एकाच फाइलचं नाव दिलं तर? आर्गसी ३च, पण 'डब्ल्यू' म्हणजे लिहिण्याच्या मोडने एफओपन केल्याबरोबर (फाइल उघडल्याबरोबर) मूळ फाइल रिकामी.

गोरेगाव स्लो:
फोटोचं पटलं, पण विंडोजवर इंट घेऊनही पीएनजी फोटो फसेल. टेक्स्ट मोडमध्ये २६ हा बाइट आला की वाचणं थांबतं, आणि पीएनजीचा सातवा बाइट नेमका २६. तिथे 'आरबी', 'डब्ल्यूबी' हे बायनरी मोडच हवेत. लिनक्सवर फरक पडत नाही. म्हणजे एकच कोड एका मशीनवर चालणार, शेजारच्यावर नाही. निस्तरणार कोण? मॅमच.

लॅबवाली, ठाणे:
तेच तर! इथे मुलं एफओपनने नल दिला का, म्हणजे फाइल उघडलीच नाही का, हेसुद्धा बघत नाहीत. ते आधी. फोटो पुढच्या आठवड्यात, फाइल हँडलिंगला.

मुलुंडकर:
पुढच्या आठवड्यात सबमिशन असतं हो. निदान कॉपीनंतर सीएमपी (दोन फाइली ताडून बघणारी कमांड) चालवायला लावा, विंडोजवर एफसी स्लॅश बी. फाइली सारख्या असल्या तर सीएमपी गप्प बसतो. मिनिटभराचं काम.

लॅबवाली, ठाणे:
सीएमपी चालेल. एफईओएफवर (फाइल संपली का सांगणाऱ्या फंक्शनवर) लूप फिरवणाऱ्यांचा शेवटचा जादा बाइट त्यात टेक्स्ट फाइलवरही सापडतो. फोटो मात्र आत्ता नाही.